एकही पोचा नाही

"एकही नाही?" ग्रेडी म्हणाला आणि पुन्हा वाकला.

हातातला लांबट दिवा त्याने पिकअप ट्रकच्या बॉनेटवर आडवा धरला होता. एक डोळा मिटून, गाल पत्र्याला टेकेल इतका खाली आणून तो उजेडाची रेघ न्याहाळत होता. रेघ सरळ गेली तर पत्रा शाबूत. कुठे वाकडी झाली तर तिथे गारेचा पोचा. रेघ सरळच होती. बॉनेटवर सरळ, टपावर सरळ, चारही दारांवर सरळ. व्हर्लिन प्रुइट गॅरेजच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता, मुलगी दाखवायच्या दिवशी बाप उभा राहतो तसा. चेहरा निर्विकार, लक्ष सगळं त्या रेघेकडे.

"नाही म्हटलं ना," व्हर्लिन म्हणाला. "शोधून दाखव."

"शोधतोच आहे, सर. सापडत नाही, हीच पंचाईत आहे."

यात पंचाईत कसली, ते व्हर्लिनला कळेना. हे वाक्य ऐकण्यासाठी तर त्याने इतकी वर्षं काढली होती.

ग्रेडी फोर्ट वर्थचा. जुने दणकट, वेगवान ट्रक शोधून घ्यायचे आणि शौकिनांना विकायचे, हा त्याचा धंदा. व्हर्लिनचा ट्रक त्याच जातीचा होता. वाळवंटात टेकाडांवरून उड्या माराव्यात म्हणून कंपनीने बनवलेला, पोटात आठ सिलिंडरचं भलंमोठं इंजिन, चाकं माणसाच्या कमरेएवढी. व्हर्लिनने मात्र त्याला टेकाड सोडा, खडीचा रस्तासुद्धा फारसा दाखवला नव्हता. रविवारी अमरिलोच्या वाटेवर थोडं फिरवून आणायचा, धुवायचा, पुसायचा आणि आत ठेवायचा. गॅरेज एकाच गाडीचं. त्यामुळे ओलिटाची, म्हणजे त्याच्या बायकोची, करडी गाडी ट्रक आला त्या दिवशी जी बाहेर गेली ती बाहेरच राहिली. उन्हात, धुळीत, गारांत.

जन्मभर व्हर्लिन गावच्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी होता. गव्हाचे, मिलो ज्वारीचे ट्रक यायचे, तो हातवारे करून त्यांना काट्यावर घ्यायचा: आण, आण, आणखी आण, बस. दुसऱ्यांचे ट्रक काट्यावर घेण्यात माणसाचं आयुष्य गेलं, की एखादा आपला असावा असं वाटतं. त्यात वावगं काहीच नव्हतं. वावगं पुढे झालं.

पेट्रोल पंपाला लागून कॉफीचं दुकान आहे. सकाळी गावातले सगळे रिकामे म्हातारे तिथे जमतात आणि कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते फासे टाकून ठरवतात. तिथे व्हर्लिन सांगायचा, "ही गाडी नाही रे, ठेव आहे ठेव. बघा तुम्ही." आणि एकदा ते खरंही झालं. कंपनीने नव्या मॉडेलमध्ये आठाऐवजी सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं, शौकिनांनी नाकं मुरडली आणि जुन्याचा भाव चढला. तेव्हा व्हर्लिन दुकानात असा शिरायचा, जणू ते इंजिन त्यानेच डोकं लढवून बनवलंय. पण यंदा कंपनीने पुन्हा आठ सिलिंडरचं मॉडेल आणलं, पहिल्यापेक्षा थोराड आणि बलदंड. अमरिलोत पहिला आला त्या दिवशी डॉइल मुद्दाम बघून आला. डॉइल म्हणजे कोठारावरचा व्हर्लिनचा जुना सोबती, जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय आवाज आहे म्हणून सांगू!" डॉइल म्हणाला होता. "तुझा त्याच्यापुढे खोकतो, लेका. विकून टाक, नाहीतर कोंबड्या तरी पाळ त्यात."

"जुनं ते जुनंच," व्हर्लिन म्हणाला. "भाव टिकतो जुन्याचा."

"टिकतो ना. तू विकत नाहीस तोवर टिकतो."

सगळे खदखदून हसले. व्हर्लिनही हसला. घरी आला आणि आठवड्याभरात त्याने जाहिरात दिली.

विकायचं कारण दुसरंही होतं आणि तेच खरं मोठं होतं. ओलिटाच्या खुब्यात सहा वर्षांपूर्वी लोखंड घातलेलं होतं. तिच्या करड्या गाडीची बैठक आता दबून खाली गेली होती. त्यातून उठताना ती दाराला धरून क्षणभर डोळे मिटायची. ट्रकमध्ये चढणं तर शिडी लावल्याशिवाय शक्यच नव्हतं. ट्रक विकायचा आणि तिला नीट उठता-बसता येईल अशी चांगली गाडी घ्यायची, असं व्हर्लिनने ठरवलं होतं. ते तिला सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती. "बरं," ती म्हणाली आणि सोलत राहिली. तिने आनंदी व्हावं अशी त्याची अपेक्षा होती. खरं सांगायचं तर तिने आता झालंगेलं विसरावं अशी त्याची अपेक्षा होती.

झालंगेलं असं होतं.

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, लिंबाएवढ्या गारा पडल्या. टेक्ससच्या उत्तर टोकाच्या या पॅनहँडलमधल्या माणसाला गारांचं कौतुक नाही, पण ती गारपीट आजही लोक नावाने ओळखल्यासारखी ओळखतात. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा व्हर्लिन गॅरेजमध्ये होता आणि दार अर्धं उघडं होतं. वारा उत्तरेचा, थेट दारात. गारा आडव्या आत घुसून ट्रकच्या मागच्या चाकांवर ताडताड आपटायला लागल्या. तो घरात धावला, पलंगावरच्या दोन गोधड्या ओढल्या, ओलिटाच्या आईने तिच्या लग्नात शिवून दिलेली गोधडीही पेटीतून काढली, आणि सगळं ट्रकवर पसरायला लागला. त्याच वेळी ओलिटा शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची पाळी संपवून घरी आली. गाडी दारासमोर उभी करून तिने हॉर्न दिला.

तो हॉर्न व्हर्लिनला ऐकू आला होता. एकदा नव्हे, तीनदा.

दार पूर्ण वर करावं, ट्रकच्या अंगाला घासून तिने पायी आत यावं, एवढाच तो प्रश्न होता. पण दार वर केलं की वारा सगळ्या गारा आत आणणार. ती पुढच्या दाराने येईल, तो मनाशी म्हणाला, दहा पावलांवर तर आहे. आणि त्याने भिंतीवरचं बटण दाबलं. दार खाली आलं. पत्र्याच्या छपरावर गारांचा असा काही कल्लोळ होता की पुढे बाहेरचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. गोधड्यांची टोकं नीट खोचून, मागचे दिवे पुसून तो घरात आला, तेव्हा घरात कोणी नव्हतं. ओलिटा अंगणात गारांच्या थरावर आडवी पडलेली होती आणि डोक्यावर तिने जेवणाचा डबा धरला होता.

इस्पितळात नर्सने विचारलं, कशा पडल्या? स्ट्रेचरवरून ओलिटाच म्हणाली, "चर्चच्या जेवणाला गेले होते. तिथल्या आवारात घसरले." व्हर्लिनला हायसं वाटलं. ती कळवळत होती, आणि त्याला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची लाज त्याला पुढे तिच्या पडण्यापेक्षाही जास्त छळत राहिली.

गावात तीच गोष्ट गेली. कॉफीच्या दुकानात व्हर्लिन गोधड्यांचा किस्सा रंगवून सांगायचा, ट्रकला कसं पांघरूण घातलं ते हातवाऱ्यांसकट. त्यात अंगण नसायचं. ओलिटाने त्याला कधी एका शब्दाने विचारलं नाही, म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली होती की गारांच्या त्या धुरळ्यात तिला काही दिसलंच नसणार. दार आधीपासून बंद होतं असंच तिला वाटलं असणार. सहा वर्षं त्याने या एका समजुतीवर काढली होती.

"सर, राग मानू नका," ग्रेडी आता दिवा खाली करून म्हणाला, "पण हे मला पटत नाही."

"काय पटत नाही?"

"मी तुमच्या गावात शिरलो तेव्हापासून बघतोय. टपालपेट्यांना पोचे आहेत. चर्चच्या पाटीला पोचे आहेत. पाण्याच्या टाकीला आहेत की नाहीत ते खालून दिसत नाही, पण असणारच. आणि तुमचा हा ट्रक साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत! असा ट्रक या भागात एकाच कारणाने असतो. गारपिटीनंतर ते तंबू ठोकणारे येतात ना, पत्रा मागून दाबून पोचे काढणारे? त्यातल्या कोणा उस्तादाने हात फिरवलाय."

"कोणी हात फिरवलेला नाही!"

"फिरवला असेल तर हरकत नाही, फक्त तसं सांगा. पोचे काढलेल्याचा भाव वेगळा, कोऱ्या पत्र्याचा वेगळा. त्यात आता नवं मॉडेल आलंय. जुना घेणारा माणूस कोरेपणासाठीच घेतो, नाहीतर तो नवा नाही का घेणार?"

व्हर्लिनचे कान तापले. आयुष्यात त्याने काट्यावर कोणाला फसवलं नव्हतं. जी एक गोष्ट खरी होती, तीच खोटी ठरत होती.

"हा ट्रक एकाही गारेत बाहेर नव्हता," तो म्हणाला. "हवं तर शपथ घेतो."

"सहा वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या गारपिटीत?"

"आत होता. इथंच."

"दार लावलेलं?"

व्हर्लिनची नजर भिंतीवरच्या बटणाकडे गेली. "लावलेलं," तो म्हणाला.

"एखादा फोटो? कोणी पाहिलेलं?"

पुढच्या ओसरीवर ओलिटा काठी मांडीला टेकवून बसली होती. गॅरेजपासून ओसरी दहाच पावलांवर. सगळं तिला ऐकू येत होतं. ती उठली. उठायला तिला वेळ लागतो. खुर्ची, मग कठडा, मग काठी. ती अंगणातून चालत आली आणि आपल्या करड्या गाडीपाशी थांबली. त्या गाडीच्या टपावर, बॉनेटवर, डिकीवर इतके पोचे होते की ती ठोके दिलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी दिसायची.

"ट्रक आत होता," ती ग्रेडीला म्हणाली. "व्हर्लिन खरं सांगतोय."

ग्रेडीने टोपी काढली. "तुम्ही स्वतः पाहिलंत, मॅडम?"

"पाहिलं म्हणजे काय! समोरच होते. ही गाडी आत्ता उभी आहे ना, तिथंच तेव्हा उभी होती. मी हॉर्न देत होते. दार अर्धं वर होतं आणि खालून मला व्हर्लिनचे बूट दिसत होते. गारा आत चालल्या होत्या. मग बूट भिंतीकडे गेले आणि दार खाली आलं. जमिनीला टेकेपर्यंत मी बघत होते. टेकलं, तेव्हा मी गाडीतून उतरले." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्यानंतर आत एक गार गेली नाही. तुम्ही निर्धास्त घ्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानदाराने गिऱ्हाइकाला कापड पक्क्या रंगाचं आहे म्हणून सांगावं, इतका तो आवाज साधा होता.

ग्रेडीने हंड्यासारख्या त्या गाडीकडे बघितलं. काठीकडे बघितलं. मग व्हर्लिनच्या बुटांकडे बघितलं आणि चटकन नजर उचलली. हातातला दिवा तेवढा वेळ जळतच होता. तो त्याने बंद केला.

"कळलं," तो म्हणाला.

व्हर्लिनला वाटलं, आता हा भाव पाडणार. पाडावा, असंही वाटलं. दोन शिव्या द्याव्यात, निम्मे पैसे द्यावेत आणि ट्रक घेऊन जावा. पण ग्रेडीने एक डॉलरसुद्धा कमी केला नाही. कोऱ्या पत्र्याचा पूर्ण भाव दिला. सही झाली. जाताना त्याने ओलिटाचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि व्हर्लिनच्या हाताला हात लावला न लावला असं केलं.

"गोधड्या ट्रकबरोबर आहेत का?" मागच्या बैठकीवरची चळत बघून त्याने विचारलं.

"दोन न्या," ओलिटा म्हणाली. "ती निळी माझ्या आईची आहे."

तिने निळी गोधडी काढून काखेत धरली आणि ती ओसरीकडे गेली. ट्रक गल्लीच्या टोकाला वळला तेव्हा इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच छाती भरून टाकणारा होता. व्हर्लिनने तो ऐकला नाही. खालून मला व्हर्लिनचे बूट दिसत होते, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. सहा वर्षं ती त्याच्यासमोर बसून जेवली. सहा वर्षं तिने त्याचे तेच बूट दाराशी नीट लावून ठेवले. आणि पहिल्यांदा बोलली ती ट्रकचा भाव टिकावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात त्याचं स्वागत झालं. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"पूर्ण भाव आला म्हणे!" डॉइल म्हणाला. "मानलं, राव. आज फासे नकोत, आज कॉफी व्हर्लिनची."

"टिकला शेवटी जुन्याचा भाव," दुसरा कोणीतरी म्हणाला. "आता तो गोधड्यांचा किस्सा एकदा होऊन जाऊ दे!"

व्हर्लिनने कप उचलला आणि परत खाली ठेवला. इतकी वर्षं हा क्षण त्याने मनात घोळवला होता, आणि आता इथून उठून जावंसं वाटत होतं. पण इथून उठून जायचं कुठे? घरीच.

"ओलिटा चर्चच्या आवारात पडली नव्हती," तो म्हणाला.

डॉइलच्या मुठीत फासे होते. ते त्याने हळूच, आवाज न करता खाली ठेवले.

"मंगळवार होता तो, व्हर्लिन," डॉइल म्हणाला. "मंगळवारी चर्चात कोण जेवायला घालतं? आपलं चर्चचं जेवण बुधवारी."

व्हर्लिनने त्याच्याकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे. सगळे आपापल्या कपात बघत होते.

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला?"

"तुझ्या शेजारी राहते ना माझी बहीण, तिनं खिडकीतून बघितलं होतं. दार खाली येतानासुद्धा. तीच धावली असती, पण गारा..." डॉइलने वाक्य सोडून दिलं.

"मग बोलला का नाहीस? एवढी जीभ चालते तुझी!"

"ओलिटाने चर्च म्हटलं, म्हणून आम्हीही चर्च म्हटलं," डॉइल म्हणाला. "तिचा शब्द मोडायचा कोणी?"

कॉफीचे पैसे व्हर्लिनने दिले. बाहेर आल्यावर त्याला आठवलं, गोधड्यांचा किस्सा त्याने त्या टेबलावर किती वेळा सांगितला होता, आणि ते सगळे किती वेळा हसले होते.

आठवड्याभराने करडी गाडी गेली आणि ओलिटाची नवी आली. बेताच्या उंचीची, बैठक खुर्चीसारखी, दार रुंद. तिला आवडली. "बरी आहे," ती म्हणाली, आणि ओलिटाच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना दाखवायला म्हणून ती दुपारी एकटीच घेऊन गेली.

ती गेल्यावर व्हर्लिन गॅरेजला लागला. ट्रकच्या मेणाचे डबे, मऊ फडकी, ब्रश, सगळं त्याने कचऱ्यात टाकलं. फरशी दोनदा धुतली. ओलिटाच्या बाजूला, गाडीतून उतरल्यावर धरायला म्हणून भिंतीवर एक दणकट लाकडी कठडा ठोकला आणि स्वतः लोंबकळून तो हलत नाही ना ते पाहिलं. मग दार पार वरपर्यंत उचललं आणि तो वाट बघत उभा राहिला. दक्षिणेला आभाळ जरा भरून आलं होतं.

नवी गाडी गल्लीत वळली. तो पुढे झाला आणि कोठारावर जसे करायचा तसे हातवारे करायला लागला. आण, आण, आणखी आण.

ओलिटाने गाडी हळू केली. काचेतून तिने त्याच्याकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं. आणि मग जिथे इतकी वर्षं करडी गाडी उभी असायची, जिथे तेलाच्या डागामुळे गवत उगवत नाही, तिथेच तिने ही गाडी लावली. इंजिन बंद केलं. काठी बाहेर आली, मग ती.

व्हर्लिनचे हात अजून वरच होते. त्याने ते खाली घेतले.

"आत घे ना," तो म्हणाला. "धुऊन ठेवलंय. धरायलाही केलंय तुला, बघ."

तिने कठड्याकडे बघितलं. "छान झालाय," ती म्हणाली.

"आभाळ आलंय. गारांचा काय भरवसा?"

"काहीच नाही," ओलिटा म्हणाली. "पण मला आता इथंच सवय झालीय, व्हर्लिन."

एवढं बोलून ती अंगणातून, काठी टेकत, पुढच्या दाराकडे गेली. दहा पावलं. व्हर्लिन ती मोजत नव्हता, पण ती संपेपर्यंत त्याने नजर काढली नाही. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

तो धुतलेल्या फरशीवर उभा राहिला. वारा सुटला आणि वाळकी पानं आत येऊन फरशीवर फिरायला लागली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून बटाट्याचा वास आला आणि ओलिटाची हाक आली.

"व्हर्लिन, दार लावून ये. जेवण निवतंय!"

त्याने भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं. समोर अंगणात गाडी उभी होती, तिच्यात कोणी नव्हतं, तरी त्याला ते दाबवेना. त्याने बोट काढून घेतलं. गॅरेजमधून घरात जायचं आतलं दार त्याच्या हाताशी होतं. तो तिकडे गेला नाही. अंगणात उतरून, ती गेली त्याच वाटेने, तो पुढच्या दाराकडे चालत गेला, आणि उंबऱ्याबाहेर त्याने बूट काढून हातात घेतले.